इंजिनाचा रंग कोणता होता?

(मंडळाच्या श्रावणातील मासिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बोलणारा एक असला तरी आज शब्द ‘आम्ही’ असाच येणार आहे. आम्ही पाच जण आहोत. दोघे निवृत्त, एक बँकेत, एक औषधांच्या कंपनीत आणि एक वहिनी, ज्यांचा ब्रशवरचा हात आम्हा चौघांपेक्षा स्थिर आहे. दर रविवारी दुपारी काचीगुड्याला एका गच्चीवरच्या खोलीत आम्ही जमतो आणि विजेच्या रेल्वे इंजिनांची छोटी रूपे चालवतो, रंगवतो आणि त्यांच्यावरून भांडतो. घरच्यांच्या मते शेवटचेच जास्त.

समोरच्या टेबलावर चार इंजिने ठेवली आहेत. मागच्या रांगेतल्यांना चार वेगवेगळी दिसत असतील, पण ते एकच इंजिन आहे. जर्मन रेल्वेचे ई-१०, नंतरचे ११०. पहिले गडद निळे. दुसरे सागरी निळे आणि बदामी, म्हणजे १९७४ नंतरचे. तिसरे लाल, नाकावर पांढरा पट्टा, १९८७ नंतरचे. चौथेही लालच, पण वेगळे लाल, १९९६-९७ पासून आलेले. साचा तोच, चाके तीच, बदलला तो फक्त अंगावरचा रंग. इंग्रजीत या ठरावीक रंगसंगतीला लिव्हरी म्हणतात. आम्ही आपले ‘पोशाख’ म्हणतो.

कुणीही विचारील, एकच इंजिन चारदा विकत का घ्यायचे? आमच्या घरी तर हा प्रश्न पावतीसकट विचारला गेला आहे. चांगल्या डिजिटल इंजिनाला ३००-४०० युरो सहज पडतात, तेव्हा विचारणाऱ्यांचेही बरोबर आहे. उत्तर असे की पोशाख ही इंजिनाची तारीख असते. युरोपातले हौशी लोक रेल्वेच्या इतिहासाचे कालखंड पाडतात आणि त्या हिशेबाने डबे, इंजिने, सिग्नल, एवढेच काय फलाटावरच्या माणसांचे कपडेसुद्धा जुळवतात. या निळ्या इंजिनावर ‘ई १०’ अशी पाटी असेल तर ते १९६८ च्या आधीचे, ‘११०’ असेल तर नंतरचे, कारण त्या वर्षी नंबरांची पद्धत बदलली. गडद निळ्या अंगावर जुनी पाटी लावून मागे बदामी-निळे डबे जोडले, तर जाणता माणूस लगेच म्हणेल की ही गाडी कधी धावलीच नाही.

हे सगळे जर्मनीचे झाले. त्यांच्याकडे छापील याद्या आहेत, रंगांचे क्रमांक आहेत, दर वर्षी निघणारे जाडजूड कॅटलॉग आहेत. आपल्या इंजिनांचे काय? बोलायचे आहे ते याविषयी.

आधी आपल्या इंजिनांची नावे कशी वाचायची ते सांगतो. एकदा कळले की फलाटावर नातवंडांपुढे भाव खाता येतो. पहिले अक्षर डब्ल्यू, म्हणजे ब्रॉडगेज. मग सी असेल तर डीसी विजेवर चालणारे, ए असेल तर एसी विजेवर, सीए असेल तर दोन्हींवर. त्यापुढे पी म्हणजे प्रवासी गाडीचे, जी म्हणजे मालगाडीचे, एम म्हणजे दोन्ही कामांचे. शेवटचा आकडा त्या घराण्यातली पिढी सांगतो. आपल्या लालागुडा शेडची डब्ल्यूएपी-७ इंजिने, पांढरी आणि लाल पट्ट्याची, तुम्ही सिकंदराबादला रोज बघता. त्यांच्या अंगावर शेडची खूण असते, एलजीडी. मुलांना ही बाराखडी फार लवकर पाठ होते. मोठ्यांना वेळ लागतो.

भारतात विजेची पहिली गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी, मुंबईत व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गावर, १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० पर्यंत ती वीज एकीकडे पुण्यापर्यंत आणि दुसरीकडे इगतपुरीपर्यंत पोचली. पुढे सगळ्या देशाने २५ हजार व्होल्टची एसी वीज धरली आणि मुंबईच्या आसपासचा हा डीसीचा मुलूख एखाद्या जुन्या संस्थानासारखा वेगळा राहिला. शेवटी तोही एसी झाला. गंमत अशी की ज्या हार्बर मार्गावर १९२५ मध्ये डीसी पहिल्यांदा आली, तिथूनच ती २०१६ च्या एप्रिलमध्ये सगळ्यांच्या शेवटी गेली.

आता आपण हैदराबादकर यात कुठे आलो? आलो ना. इथून मुंबईला लग्नामुंजीला निघालेली मंडळी सोलापूरमार्गे जात, तेव्हा पुण्यापर्यंत डिझेल इंजिन असे आणि पुण्याला ते बदलून विजेचे लागे. ज्यांचे मूळ गाव नांदेड-परभणी-औरंगाबादकडे, ते काचीगुड्याहून मीटरगेजच्या अजंठा एक्स्प्रेसने मनमाडला उतरत आणि पुढची मोठी गाडी पकडत. त्यांना इगतपुरीला एसीचे इंजिन जाऊन डीसीचे येताना दिसे. दोन्ही वाटांवर गाडी थांबे, मोठी माणसे चहाला किंवा वड्याला उतरत आणि मुले इंजिन बघायला पळत. या सभागृहात साठीच्या पुढचे जे बसले आहेत, त्यांतल्या निम्म्यांनी तरी ते बघितलेले असणार. हे लक्षात ठेवा, कारण बोलता बोलता आम्ही तुमच्याकडे काही मागणार आहोत.

त्या डीसी मुलखातला सगळ्यांत नामी प्राणी म्हणजे ‘खेकडा’. कागदोपत्री नाव डब्ल्यूसीजी-१, त्याही आधी जीआयपी रेल्वेच्या भाषेत ईएफ/१. १९२८ पासून आलेली ही मालगाडीची इंजिने एकूण ४१ होती. पहिली दहा स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरच्या कारखान्यातून आली, बाकीची इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीतून. मध्ये ड्रायव्हरची खोली, पुढेमागे दोन लांब नाके, तिन्ही भाग एकमेकांना सांध्यांनी जोडलेले, त्यामुळे घाटाच्या वळणात इंजिन अंग मोडून वळे. चाकांना वाफेच्या इंजिनासारखे जोडदांडे. आपल्या रेल्वेवाल्यांनी त्याला खेकडा म्हटले. त्याच विंटरथूरच्या कारखान्याने आल्प्समधल्या गोटहार्ड घाटासाठी अशाच बांध्याची इंजिने त्याच्या काही वर्षे आधी बनवली होती, त्यांना तिकडे मगर म्हणतात. स्विस मगर आधी तपकिरी होती, मग हिरवी झाली, आणि मॅर्कलिन कंपनी तिची दोन्ही रंगांतली मॉडेले विकते. आमच्याकडे दोन्ही आहेत. एका काकूंनी ती बघून विचारले होते, “गणपतीच्या मखराशेजारी मगर आणि खेकडा? सोवळ्याचे काय?” त्यावर वहिनींनी सांगितले, “हा पूर्ण शाकाहारी आहे काकू, फक्त वीज खातो.”

मगर विकत मिळते. खेकडा आम्हाला कुठे मिळाला नाही, म्हणून तो बनवला. एक सांगाडा, खाली मगरीची जुनी चाके, वर प्लॅस्टिकच्या पत्र्याचे कापून चिकटवलेले अंग, पितळी तारेचे कठडे. सामान कुठून आणले विचाराल तर गुजराती गल्ली, ट्रूप बझार आणि राणीगंज. हैदराबादेत राहून हा छंद करण्याचा हा एक फायदा. बारीक स्क्रूपासून तांब्याच्या तारेपर्यंत सगळे तासाभरात हिंडून मिळते आणि दुकानदार “किस मशीन का है साब?” असे विचारून, उत्तर ऐकल्यावर हसून, दोन स्क्रू जास्त देतो.

आणि मग आमचे काम अडले ते रंगावर. खेकड्याला रंग कोणता द्यायचा? गेली दोन वर्षे तो करड्या प्रायमरमध्ये उभा आहे. आमच्यातला एक म्हणतो गडद चॉकलेटी. दुसरा शपथेवर सांगतो की कर्जतला त्याने बघितलेला खेकडा काळपट होता. त्याचा मोठा भाऊ म्हणतो हिरवट. तिघेही खोटे बोलत नाहीत. इतकी वर्षे चाललेल्या इंजिनाला पुन्हापुन्हा रंग लागतो, त्यावर तेल, काजळी आणि घाटातली लाल माती बसते, पावसाळ्यात ते वेगळेच दिसते. शिवाय ५ नोव्हेंबर १९५१ ला जीआयपीची मध्य रेल्वे झाली, म्हणजे पाट्या आणि अक्षरे तरी नक्की बदलली. मुंबईला सीएसएमटीच्या हेरिटेज गल्लीत एक खेकडा उभा आहे. पण दर्शनी ठेवलेल्या इंजिनाला रंग दिला जातो तो दर्शनासाठी. त्यावरून १९५५ सालच्या कर्जतचा रंग सांगता येत नाही. आणि जुने छापील फोटो बहुतेक कृष्णधवल. त्यांत चॉकलेटी, हिरवा आणि मळका काळा एकाच करड्या रंगाचे दिसतात.

दख्खनच्या राणीच्या बाबतीत नशीब थोडे चांगले आहे. १ जून १९३० ला ती सुरू झाली तेव्हा तिचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक चंदेरी, त्यावर लाल पट्ट्या. दुसरा राजेशाही निळा, सोनेरी रेघांचा. डब्यांच्या खालच्या सांगाड्या इंग्लंडहून आल्या आणि वरची अंगे माटुंग्याच्या कारखान्यात बांधली गेली. हे नोंदलेले आहे, म्हणून आम्ही तो निळा संच निर्धास्तपणे रंगवायला घेतला. पुढे १९६६ मध्ये पेरांबूरचे डबे आले, मग निळा-पांढरा पोशाख कित्येक वर्षे राहिला, आणि २०२२ च्या जूनपासून नवे डबे हिरव्या-लाल रंगात धावताहेत. आमच्यातल्या पुणेकर जावयांना हा नवा रंग मुळीच पसंत नाही. आमचे मत विचाराल तर रंग चांगला आहे, फक्त सवय व्हायला वीस वर्षे द्या. निळ्या-पांढऱ्यालाही कुणीतरी नाके मुरडली असतीलच.

गणेशोत्सवाच्या अंकात हे छापले जाणार, म्हणून एका इंजिनाचे नाव घ्यायलाच हवे. भारतात बनलेले पहिले विजेचे इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यातून निघाले, डब्ल्यूसीएम-५ वर्गाचे, आणि १४ ऑक्टोबर १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते ते सेवेत आले. त्याचे नाव ‘लोकमान्य’. बंगालमध्ये जन्मले, पण डीसीचे असल्यामुळे चालू शकत होते फक्त आपल्या मुंबई-पुणे-इगतपुरीच्या मुलखात. दोन वर्षांनी, १९६३ मध्ये, तिथलेच पहिले एसी इंजिन निघाले, त्याला बिधनचंद्र रॉय यांच्यावरून ‘बिधान’ नाव दिले. लोकमान्यांचे मॉडेल हे आमचे पुढचे काम. नावाची पाटी आधीच तयार आहे, एक सेंटिमीटरभर लांब, आणि वहिनींनी ती भिंग लावून दोनदा रंगवली आहे.

रंगवण्याचे काम ज्यांना बघायला आवडेल त्यांनी रविवारी या. आमच्या प्रमाणात, एकास सत्त्याऐंशी, लालागुड्याचे डब्ल्यूएपी-७ साडेतेवीस सेंटिमीटर लांबीचे होते, म्हणजे साधारण एक वीतभर. फिका रंग आधी, गडद नंतर. पांढरा देऊन वाळू द्यायचा, पट्ट्यापुरती जागा मोकळी ठेवून बाकीवर चिकटपट्टी लावायची आणि मग लाल फवारायचा. लाल रंग करड्या प्रायमरवर मारला तर तो मेल्यासारखा दिसतो, त्याखाली पांढरा लागतोच. आणखी एक, खऱ्या इंजिनाच्या डब्यातला तोच रंग आणून मॉडेलला लावला तर तो जास्त काळवंडलेला वाटतो. लहान वस्तूवर रंग गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती, ते डोळ्याने ठरते, आणि पाच जणांचे दहा डोळे असल्यामुळे तिथेही भांडण होते.

रुळांची एक कायमची खोच आहे. बाजारात मिळणारे या प्रमाणाचे रूळ साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, कारण ते युरोपच्या रुंदीवरून ठरले. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागाकार केला तर सव्वाएकोणीस यायला हवे. म्हणजे आपले रुंद अंगाचे इंजिन अरुंद रुळांवर, धोतर नेसून सायकलवर बसलेल्या काकांसारखे दिसते. काही जण जगभर हट्टाने रूळ स्वतः घालतात. आम्ही घातले नाहीत. समोरून बघू नका, बाजूने बघा, असे पाहुण्यांना सांगतो.

नुसते कपाटात मांडून ठेवणे आम्हाला मान्य नाही. इंजिन चालले पाहिजे. पुण्याला कोथरूडला, कर्वे रस्त्यावर, भाऊ जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १ एप्रिल १९९८ ला ते सुरू झाले. तिथे अख्खे शहर आहे आणि त्यातून गाड्या धावतात. आमच्यातल्या दोघांना हे वेड तिथूनच लागले. आमचा पसारा त्या मानाने किरकोळ, आठ फूट बाय चार फुटांचा, तीन फळ्यांत मोडणारा, टेम्पोत मावेल असा. पण त्यावर आम्ही घाट केला आहे.

बोरघाटाचा चढ सदतिसास एक आहे. म्हणजे सदतीस पावले पुढे गेलो की एक पाऊल वर. ऐकायला काहीच नाही, पण रेल्वेला ते फार झाले, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिने जोडतात. आम्हीही तोच चढ ठेवला. खालच्या रुळांवरून दुसरी गाडी जायला साडेसात सेंटिमीटर उंची हवी, ती गाठायला पावणेतीन मीटर चढ लागतो, आणि फळी अडीच मीटरही नाही. म्हणून चढ वळणावर न्यावा लागला. वळण आणि चढ एकत्र आले की पुढचे इंजिन एकटे सहा डबे ओढत नाही, चाके जागच्या जागी फिरतात. मागे दुसरे जोडले की चढते. फक्त दोघांचा वेग तंतोतंत जुळायला हवा, नाहीतर मागचे इंजिन मधल्या डब्याला वळणावर बाहेर फेकते. कर्जतच्या ड्रायव्हर मंडळींना हे शिट्टीच्या खुणांवर जमत असे. आम्हाला त्यासाठी संगणकावर तीन रविवार घालवावे लागले.

विजेचीही तीच गोष्ट, लहान प्रमाणात. जुनी मॉडेले बारा व्होल्ट डीसीवर चालतात, रुळांत वीज सोडली की त्यावरची सगळी इंजिने एकदम पळतात. नव्या डिजिटल पद्धतीत रुळांत वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनाला त्याच्या नंबरावर हाक मारता येते. काही इंजिनांत अशी चकती असते की ती दोन्ही पद्धतींवर चालतात. डब्ल्यूसीएएम-३ हे मध्य रेल्वेचे दोन्ही विजांवर चालणारे इंजिन आल्यावर इगतपुरीची अदलाबदल सरली, तसेच आमच्या टेबलावरही घडले. ही गोष्ट वीज मंडळातून निवृत्त झालेल्या आमच्या सभासदाला इतकी आवडते की तो ती प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तुम्हालाही सांगेल.

आता मागणे. हल्ली इंजिनांचे पोशाख फार भराभर बदलतात. जाहिरातींनी गुंडाळलेली इंजिने आली, स्वातंत्र्याच्या पंचाहत्तरीला चित्रे काढलेली आली, अमृत भारत गाड्यांची भगवी आली. ही सगळी मोबाइलवर हजारो वेळा टिपली गेली आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती १९५० ते १९९० च्या चाळीस वर्षांची. तेव्हा कॅमेरा क्वचित, रंगीत रीळ महाग, आणि इंजिनाचा फोटो मुद्दाम कोण काढणार? पण मुंजीला निघालेल्या कुटुंबाचा फलाटावरचा फोटो मात्र काढला जाई. मागे, कोपऱ्यात, मामाच्या खांद्यापलीकडे, इंजिनाचे नाक येऊन जाई. आम्हाला तो कोपरा हवा आहे.

पुणे, इगतपुरी, मनमाड, कर्जत, लोणावळा, दादर, कल्याण, व्हीटी, कुठलाही फलाट चालेल. रंगीत छापे आता तांबूस झाले असतील, फेकू नका. फोटोत स्टेशनची पिवळी पाटी किंवा हमालाचा लाल सदरा असला तर त्यावरून किती तांबूसपणा चढला आहे हे काढता येते आणि शेजारच्या इंजिनाचा मूळ रंग जवळजवळ सापडतो. डबे विटकरी लाल असतील तर फोटो साधारणपणे जुना, निळे असतील तर अलीकडचा. मागे पेन्सिलीने तारीख असेल तर सोन्याहून पिवळे. मागच्या वर्षी या मंडळातल्या एका आजोबांनी आम्हाला अल्बम दाखवायचे कबूल केले होते. दिवाळीनंतर या म्हणाले. दिवाळीपूर्वीच ते गेले, आणि घर आवरताना अल्बम कुठे गेला ते कुणाला सांगता येईना. त्यांना खेकड्याचा रंग आठवत होता. बोलताना त्यांनी तो सांगितलाही असता, पण आम्हाला तो अल्बमसह ऐकायचा होता.

चतुर्थीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत रोज संध्याकाळच्या आरतीनंतर आमचा घाट मागच्या दालनात चालू असेल. मुलांना कंट्रोलर हातात मिळेल, रांग लावून, प्रत्येकी पाच मिनिटे. मगर आणि जर्मन इंजिने रोज, दख्खनची राणी शनिवार-रविवारी. खेकडा करड्या रंगातच चढ चढेल. दारापाशी एक सभासद स्कॅनर घेऊन बसलेला असेल. अल्बम त्याच्याकडे द्या, तुमच्यासमोर फोटो टिपून तो लगेच परत करील. प्रसाद घेतलेल्या हातांनी मात्र फोटोला आणि रुळांना हात लावू नका, मोदकाचे तूप रुळांवर लागले की गाडी जागच्या जागी थांबते.